पोरामागे एक ओंजळ

माझ्या तट्टाचे पाय दुखत होते आणि त्याचं कारण मी दोन हिवाळे रस्त्यात शोधत होतो. खडीत शोधलं, चिखलात शोधलं, लढाईमुळे नाल मिळत नाहीत म्हणून लढाईलाही शिव्या घातल्या. खरं कारण माझ्या डोळ्यांसमोर रोज सुपात घालून आणून ठेवलं जात होतं. ते मला दिसलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता वय झालं, तेव्हा खरं सांगतो. दिसलं असतं, पण बघायचं नव्हतं.

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मी सोळा वर्षं देवी टोचत हिंडलो. सरकारी कागदावर माझ्या कामाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर मी कधीच नव्हतो. थोडंसं इंग्रजी, थोडे दिवस शिकवणी, काचेच्या नळ्यांतली लस, टोचायचं हत्यार आणि नावांची वही एवढीच माझी विद्या. दिवाळी होऊन भात झोडून झालं की माझा हंगाम सुरू होई आणि उन्हं तापेपर्यंत चाले. पाड्यावर शिरलो की पोरं गायब. कुणी पेंढ्याच्या उडवीत, कुणी माळ्यावर, कुणी थेट रानात. आया दारात आडव्या उभ्या राहत. मी देवीचा रोग घालवायला येतो यावर कुणाचा विश्वास नव्हता. मी पेटीत घालून देवी घेऊन येतो, अशीच समजूत होती. आणि टोचल्यावर पोराला ताप येई, दंड सुजे, फोड धरे, तेव्हा त्या बायांचं अगदीच चुकत होतं असंही म्हणवत नाही.

असल्या माणसाला कोण घरात घेणार? शाळामास्तर आला तर त्याला कोरा चहा मिळे, तलाठी आला तर कोंबडी कापली जाई. मी आलो की पाणीसुद्धा लांबूनच, दाराबाहेर तांब्या ठेवून. मी त्यांना दोष देत नाही. पण सोळा वर्षं दाराबाहेरचा तांब्या उचलून पिणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. मुरबाडला काळू नदीच्या अंगाला माझी खोली होती, पुढे पडवी होती. लग्न एकदा ठरलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, वर्षातले किती दिवस घरी असता? मी खरं उत्तर दिलं, आणि विषय तिथेच संपला.

तट्टू मी म्हशाच्या जत्रेत घेतलं. बैल विकायला घाटावरून आलेल्या एका माणसाच्या बैलांशेजारी ते बांधलेलं होतं. कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाचं, बुटकं, पोट सुटलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याला नाव मी ठेवलं नाही. एकट्या माणसाला हाक मारायला नाव लागत नाही; मी ‘अरे’ म्हणालो की ते कान फिरवी, कारण तिथे दुसरं कुणी नसेच. आमच्याकडची तट्टं बहुधा बिननालाचीच चालत. बांध, शेतं, रानवाटा यांवर नालाचं काम पडत नाही. खूर वाढले की मी कानशीनं घासून कडा गोल करी, तळाला अडकलेले खडे काढी, आणि तेवढ्यावर भागत असे. वाटेनं मी त्याच्याशी बोलत असे. वरच्या साहेबाला जे सुनवायचं ते सगळं त्यालाच ऐकवी. रडणारी पोरं सोडली तर दिवसभरात माझा आवाज दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला एक पाडा आहे. तिथली सुईण म्हणजे आजूबाजूच्या चार पाड्यांचं सरकार. तिनं बाहेर काढलेलं पोर तिच्या शब्दाबाहेर नसे आणि पोराची आईही नसे. दोन वर्षं तिनं मला त्या पाड्यावरून हात हलवत परत पाठवलं. तट्टू घेतल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र ती मला ओलांडून सरळ तट्टाकडे गेली. तिनं त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, कपाळावरच्या ठिपक्याला हळदकुंकू लावलं. मग ज्या ज्या घरात टोचायचं पोर होतं त्या त्या घरातून पोरामागे एक ओंजळ नवे तांदूळ तिनं सुपात गोळा केले, वर गुळाचा खडा ठेवला आणि सूप त्याच्या पुढ्यात सरकवलं. तट्टानं सूप चाटूनपुसून साफ केलं. ते कशाला नाही म्हणतंय?

सुईण माझ्याकडे वळून म्हणाली, “घेतलान् त्यानं. आता धरा पोराचा हात.”

तिचा विचार सरळ होता. देवी पेटीतून येते, पेटी तट्टाच्या पाठीवरून येते, तेव्हा तट्टू तृप्त झालं म्हणजे देवी पोरावर हलक्या पावलांनी येईल. एकेक ओंजळ एकेका पोराच्या नावाची. ती तट्टानं खाल्लीच पाहिजे. ज्याची ओंजळ सुपात राहिली त्याला त्या वर्षी टोचायचं नाही. त्या दिवशी तिथलं एकही पोर रानात पळालं नाही. मी टोचत गेलो, बाया दंड धरून उभ्या राहिल्या. आठव्या दिवशी फोड बघायला परत गेलो तेव्हा पुन्हा तसंच सूप तयार होतं.

मुली लग्न होऊन दुसऱ्या गावांना जातात तशी ही रीतही गेली. दोनेक वर्षांत टोकावड्यापासून पार शेणव्यापर्यंत सगळीकडे माझ्या आधी तट्टाची पूजा व्हायला लागली. माझी वही भरायला लागली. वरचे साहेब म्हणाले, तुमच्या भागात लोक फारच समजूतदार दिसतात. मी मान डोलावली. आणि हे सगळं मला आवडत होतं, हेही कबूल करतो. पाडा लांबून दिसला की पोरं ओरडत पुढे धावत येत, तट्टाच्या आयाळीला हात लावत. ती माझ्यासाठी येत नव्हती, हे मला समजत होतं. पण धावत येणाऱ्या पोरांच्या घोळक्यात त्याचा लगाम धरून मीही उभा असे, आणि उपाशी माणूस वासावरही थोडा वेळ काढतो.

दिवसाला तीन पाडे, कधी चार. पाड्यावर दहा पोरं असली तर दहा ओंजळी. हे गणित मी कधी केलं नाही.

लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, सरळगावाहून टोकावड्याकडे जाताना, तट्टू रस्त्याची खडी सोडून कडेच्या गवतावरून चालायला लागलं. मी त्याला आळशी म्हणालो. आठवड्याभरानं वळण घेताना ते दचकून पाय उचलायला लागलं, जसं काही जमीन तापलेली आहे. पडवीत उभं राहिलं की पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकी आणि सगळा भार मागच्या पायांवर घेई. खुरांना हात लावला तर ते गरम. मी म्हटलं, खडीनं तळ सोलवटले. शहापूरला एक नालबंद येत असे, पण नालाचं लोखंड मिळेना म्हणून त्यानं येणं सोडलं होतं, आणि एवढ्या दुखऱ्या खुराला खिळा मारू म्हणणारा दुसरा कुणी भेटला नाही.

मग मी उपचार सुरू केले. बिब्बा तापवून त्याचं तेल तळाला लावलं, कातडं टणक होतं म्हणतात. रस्त्यावर काम करणाऱ्या लोकांकडून डांबर मागून आणलं. चांभाराला मापं देऊन म्हशीच्या जाड कातड्याचे चार बूट शिवून घेतले. तो बिचारा हसू दाबत शिवत होता. दोन बूट पहिल्याच ओहोळात चिखलानं गिळले आणि उरलेले आठ दिवसांत फाटले. एका शेतकऱ्यानं सांगितलं, बैलाचे खूर दुखले की मोहाचं तेल कोमट करून चोळावं. तेही झालं. मी पडवीत बसून त्याचा एकेक पाय मांडीवर घ्यायचो आणि तळव्याला तेल चोळायचो. ते मान वळवून माझ्या टोपीचा वास घ्यायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाड्यांवर जायचो.

तट्टू लंगडतंय हे बायांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की आपल्या देण्यात काहीतरी कमी पडलं. मग पोरामागे एकाच्या दोन ओंजळी झाल्या. गुळाचा खडा मोठा झाला. कुठे दूधभात आला, कुठे नाचणीचे लाडू. त्याचे पाय जितके दुखत तितकं त्याला जास्त खायला मिळे, आणि जितकं जास्त खायला मिळे तितके पाय दुखत. मीही म्हणत होतो, खाऊ दे, अंगात ताकद येईल.

लशीचं पार्सल आगगाडीनं आसनगावला येई. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, माघातल्या एका सकाळी मी ते घ्यायला गेलो असताना स्टेशनाबाहेरच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं मला थांबवलं. भिवंडीकडचा माणूस, आसनगाव ते शहापूर हाकण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. तो काही न विचारता खाली बसला, तट्टाचा पुढचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला, अंगठ्यानं तळ दाबला. तट्टू कळवळलं. मग त्यानं खुरावरून, वरच्या केसांच्या कडेपासून खालपर्यंत, बोट फिरवून मला दाखवलं. खुरावर आडव्या वळ्या उठल्या होत्या. मी त्या रोज बघत होतो.

“हा खातो काय?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, गवत. तो म्हणाला की गवत खाणाऱ्या जनावराच्या खुराला असल्या वळ्या येत नाहीत, तेव्हा खरं काय ते सांगा. मी सांगितलं. सूप, ओंजळी, गूळ, लाडू, सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते ऐकू यायला लागलं.

“दुखणं खालनं चढलं नाय, डागतर,” तो म्हणाला. “वरनं उतरलंय. पोटातनं.”

त्यानं मला समजावलं ते असं. दाणा अति झाला की पचत नाही आणि त्याची आग खुरात उतरते. आत मांस सुजतं, पण वरचं कवच काही फुगत नाही. सुजलेल्या बोटात घट्ट अंगठी असावी तसं. दाणा बंद, गूळ बंद, पावसाळ्यात कोवळं हिरवं गवतसुद्धा बंद. फक्त वाळलेलं गवत, तेही पाण्यात भिजवून निथळलेलं. रोज सकाळी नदीच्या थंड पाण्यात उभं करायचं, एरवी ओल्या वाळूत. पाठीवर काही घालायचं नाही. दर पंधरा दिवसांनी खुराचं पुढचं टोक कानशीनं आखूड करत राहायचं, तळाला मात्र हात लावायचा नाही. नवा खूर वरून खाली यायला वर्ष लागतं, तेवढी वाट बघायची. आणि एवढं करून पुन्हा दाणा खाल्ला तर ते उठणार नाही, हेही त्यानं सांगितलं. मी त्याला विचारलं की नक्की का. त्यानं पाय हळूच खाली ठेवला आणि धोतराला हात पुसले.

त्या वर्षीचा उन्हाळा आणि पावसाळा माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले महिने होते. सकाळी मी त्याला काळूच्या पात्रात नेई. ते गुडघाभर पाण्यात उभं राही, मी काठावर दगडावर बसे. गवत भिजवायचं, निथळायचं, वाळू सारखी करायची, दर पंधरा दिवसांनी कानस. पावसात चहूकडे हिरवं माजलेलं आणि हे बिचारं पडवीत गेल्या सालचं वाळकं चघळतंय. माझ्याकडे असं बघे की मला हसू येई. मी बाजारात गेलो तर लवकर परत येई. कुणीतरी आपली वाट बघतंय, ही गोष्ट मला नवीन होती. श्रावणात खुरांची आग थांबली. भात पिकायला आलं तोवर ताठ, गुळगुळीत नवा खूर अर्ध्याहून अधिक खाली उतरला होता आणि वळ्या खाली सरकल्या होत्या. एका सकाळी ते नदीवरून परत येताना दोन पावलं दुडक्या चालीनं धावलं. मी तिथेच उभा राहून डोळे पुसले.

हंगाम सुरू झाला तेव्हा पेटी मी माझ्या खांद्यावर घेतली आणि त्याला नुसतं हातात धरून चालवत नेलं. बैलाला मळणीत बांधतात तसलं दोरीचं मुसकं त्याच्या तोंडाला बांधलं. पहिलाच पाडा सुईणीचा. ती सूप घेऊन आली आणि मुसकं बघून जागीच थांबली. मी तिला टांगेवाल्याचं सगळं बोलणं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“पायाला दुखणं आन् तोंड बांधता?” ती म्हणाली. “देवीच्या घोड्याचं तोंड बांधून आमच्या दारात आणलंत. आमी पोरं देयाची नाय.”

आणि दिली नाहीत. पुढच्या पाड्यावर माझ्याआधी बातमी पोचलेली होती. मग मी तट्टू घरीच ठेवून एकटा जाऊन पाहिलं. घोडा नाही तर टोचणं नाही. दुसरं जनावर मागून आणावं तर बाया त्या पांढऱ्या ठिपक्याला ओळखत होत्या. एका ठिकाणी मी मुसकं काढून त्याला एकच घास घेऊ दिला आणि उरलेले तांदूळ गुपचूप पिशवीत सरकवायला गेलो. ज्या बाईची ओंजळ पिशवीत गेली तिनं ते पाहिलं, आणि पोराला उराशी धरून ती जी रडायला लागली ती मला अजून आठवते. मी तिच्या पोराचं मरण पिशवीत भरलं होतं, तिच्या लेखी.

मी चिडलो. त्या बायांवर चिडलो, त्यांच्या अडाणीपणावर चिडलो. वहीत नावांपुढे ‘हजर नाही’, ‘हजर नाही’ असं लिहीत पाड्यामागून पाडे सोडत गेलो. मनात म्हटलं, मरू दे. माणूस रागात म्हणतो तसं म्हटलं. तट्टाचे खूर वाचले होते आणि त्या हिवाळ्यात मला दुसऱ्या कशाची फिकीर नव्हती.

पौषात देवीची साथ आली. शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर दोन पोरं गेली. मी पोचलो तेव्हा दारांवर निंबाचे टहाळे लावलेले होते आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वही उघडून पाहिलं. दोघांचीही नावं होती, आणि पुढे माझ्या अक्षरात ‘हजर नाही’. महिन्याभरापूर्वी मी मुसकं बांधलेलं तट्टू घेऊन तिथून परत फिरलो होतो. त्या पोरांच्या आयांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यांच्या मते देवी रागावली होती, आणि का रागावली तेही त्यांना ठाऊक होतं. मी त्या दिवशी मुरबाडपर्यंत चालत आलो आणि वाटेत एकदाही थांबलो नाही.

टांगेवाल्याला विचारायला मी गेलो नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं. पडवीत जाऊन मुसकं सोडलं आणि खुंटीला टांगलं. तट्टानं मान झटकली, त्याला वाटलं आता नदीवर जायचं.

सहा दिवस आम्ही फिरलो. शेणव्याकडून सुरुवात केली, कारण साथ तिकडे होती, आणि टोकावड्याकडे सरकत आलो. साथीच्या भीतीनं यंदा कुणी पोर लपवलं नाही. झाडून सगळी पोरं आली, आणि जितकी पोरं तितक्या ओंजळी आल्या. तट्टू आधी आनंदानं खात होतं. इतके महिने वाळकं चघळलेलं, ते आनंदानं खाणारच. मी दुसरीकडे बघायचो. प्रत्येक पाड्यावरून निघालो की जवळच्या पाण्यात त्याला उभं करायचो, तेवढंच माझ्या हातात होतं. तिसऱ्या दिवशी खूर गरम लागले. चौथ्या दिवशी ते गवताची कड शोधायला लागलं. पाचव्या दिवशी, ओहोळाच्या वाळूत, त्यानं पुढचे पाय लांब टाकले आणि तसंच उभं राहिलं. मी त्याला म्हणालो, अरे, उद्या एकच पाडा राहिला. असं म्हणताना माझी मला किळस आली.

शेवटचा पाडा सुईणीचा होता. तिथवरचं अंतर आम्ही अर्धा दिवस खर्चून कापलं. दर चार पावलांवर ते थांबे, मी थांबे. सगळी माणसं अंगणात वाट बघत होती. सुईणीनं माझ्याकडे पाहिलं, मुसकं नसलेलं पाहिलं, आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. थंड पाण्यानं त्याला बरं वाटलं असावं. मग भरलेलं सूप पुढ्यात आलं.

त्यानं तोंड लावलं नाही. वेदनेनं त्याच्या अंगातून घाम निथळत होता, नाकपुड्या हलत होत्या. सुईणीनं सूप आणखी पुढे सरकवलं, गुळाचा खडा ओठांना लावला. त्यानं मान फिरवली. अंगणात बाया होत्या, कडेवर पोरं होती. एकीनं पोराचा उघडा केलेला दंड पदरानं झाकला. दुसरी मागे सरली.

मी खाली बसलो आणि सुपातली एक ओंजळ माझ्या हातात घेतली. त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, “अरे.”

त्यानं कान फिरवले. माझ्या तळहाताचा वास घेतला. मी पाय मांडीवर घेऊन ज्या हातानं तेल चोळत होतो, ज्या हातानं गवत भिजवून देत होतो, तो हात त्याला ओळखीचा होता. त्यानं खाल्लं. मी दुसरी ओंजळ धरली, तीही खाल्ली. मग तिसरी. भूक म्हणून खात नव्हतं ते. मी देत होतो म्हणून खात होतं. सूप रिकामं होईपर्यंत मी एकेक ओंजळ धरत राहिलो आणि ते प्रत्येक वेळी माझ्या तळव्याला ओठ लावत राहिलं. मग उठून हात धुतले, पेटी उघडली, आणि त्या पाड्यावरची सगळी पोरं टोचून काढली. एकही सुटलं नाही.

परतीची वाट मला नीट आठवत नाही. एका बैलगाडीवाल्याच्या पाया पडलो, त्यानं चार माणसं बोलावून त्याला गाडीत चढवलं एवढं आठवतं. पडवीत उतरवलं तेव्हा ते जे बसलं ते बसलंच. मी ओलं गोणपाट खुरांना गुंडाळत होतो, दर थोड्या वेळानं पाणी बदलत होतो.

आठव्या दिवशी फोड बघायला जायलाच हवं होतं. शेजारच्या कुंभाराला तट्टाला पाणी पाजायला सांगून मी पहाटे पायी निघालो. सुईणीच्या पाड्यावर सगळ्या पोरांचे दंड पाहिले. सगळे फोड उत्तम धरले होते. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही कुणी नवं आजारी पडल्याची बातमी नव्हती. बाया हसत होत्या. सुईणीनं विचारलं, घोडा का नाय आणलात? मी म्हणालो, दमलाय, विश्रांती घेतोय. तिनं आत जाऊन एक फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. म्हणाली, आज आमच्यात तो नाय, तर त्याचा वाटा घेऊन जावा त्याला.

नवे तांदूळ होते, वर गूळ. मी नाही म्हणालो नाही. सोळा वर्षांत मला नाही म्हणायची एकच संधी मिळाली होती आणि तिचं काय झालं ते मी पाहिलं होतं. ते गाठोडं खांद्यावर टाकून मी टोकावडं, सरळगाव करत मुरबाडला आलो. दिवेलागणीच्या सुमाराला कुंभार दारात उभा दिसला. तो म्हणाला, दुपारी गेलं, तुमी येयाची वाट बघितली आमी, मग चौघांनी मिळून नदीकडं नेलं. पडवीतली, तट्टाच्या अंगाचा ठसा उमटलेली वाळू त्यानं झाडून सारखी केली होती. त्यात शहाणपण होतं, पण मला ती तशी नको होती.

दिवसभर पोटात काही गेलं नव्हतं. घरात शिधा संपलेला. मी चूल पेटवली, गाठोडं सोडलं आणि त्यातले तांदूळ धुऊन शिजत ठेवले. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती, दोन्ही सारखीच. त्या पाड्यावरून इतक्या वर्षांत माझ्या हातात पडलेलं ते पहिलं अन्न, आणि तेही माझ्यासाठी दिलेलं नव्हतं. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तसा झाला. मी तो गुळाबरोबर सगळा खाल्ला.